मेंदूतली गाठ, जनुकांचा रिपोर्ट आणि नेमकी औषधं: सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून त्याचं नाव सांगायचं, हे माझं रोजचं काम. पेशंट स्वतः आमच्यापर्यंत सहसा पोचत नाही. येतात ते भाऊ, जावई, मुली. जतहून, आटपाडीहून, कवठेमहांकाळहून आणि पलीकडे अथणी-जमखंडीहूनही. काउंटरवर उभ्याउभ्या ते जे विचारतात, त्याचं उत्तर तिथे दोन मिनिटांत देता येत नाही, आणि अर्धवट दिलेलं उत्तर घरी जाईपर्यंत भलतंच होऊन बसतं. म्हणून हे सगळं सवडीनं लिहून काढलं आहे. यात फक्त प्रौढांच्या गाठींबद्दल लिहिलं आहे. लहान मुलांच्या गाठींचं शास्त्र बरंच वेगळं असतं. उपचार तुमचे न्यूरोसर्जन आणि ऑन्कोलॉजिस्टच ठरवतील.

रिपोर्टमध्ये 'ग्लायोमा' लिहिलंय. म्हणजे कॅन्सरच ना?

ग्लायोमा हे आडनाव आहे, पूर्ण नाव नव्हे. मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशी असतात, त्यांच्यापासून झालेल्या गाठींना ग्लायोमा म्हणतात. या एकाच आडनावाखाली काही गाठी पंधरा वर्षं माणसाला संसार करू देतात, तर काही वर्ष-दीड वर्षात सगळं संपवतात. म्हणून नुसत्या 'ग्लायोमा' या शब्दावरून रडूही नका आणि निर्धास्तही होऊ नका. पूर्ण नाव काय, ते विचारा.

प्रौढांमधल्या पसरणाऱ्या ग्लायोमाची आज तीन मुख्य नावं आहेत: आयडीएच-म्युटंट ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट व १पी/१९क्यू कोडिलीटेड ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच-वाइल्डटाइप ग्लायोब्लास्टोमा. म्युटंट म्हणजे जनुक बदललेलं, वाइल्डटाइप म्हणजे न बदललेलं; आयडीएच आणि १पी/१९क्यू पुढे सांगते. बघा, तिन्ही नावांतच जनुकांची भाषा शिरली आहे. ती तपासणी झाल्याशिवाय नाव पुरं होत नाही.

पूर्वी डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघूनच सांगायचे. आता हा जादा खर्च कशाला?

मीही कित्येक वर्षं फक्त बघूनच सांगत होते, त्यामुळे हा प्रश्न मला लागतो. खरं उत्तर असं, की नुसतं बघून आम्ही एकमेकांशी सहमत होत नव्हतो. एकच स्लाइड दोन अनुभवी डॉक्टरांनी बघितली तरी एक म्हणायचा ॲस्ट्रोसायटोमा, दुसरा म्हणायचा ऑलिगो. आणि दिसायला सारख्या असलेल्या दोन गाठी पुढे अगदी वेगळ्या वागायच्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली पहिल्यांदा जनुकीय बदल गाठीच्या नावातच घातले आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत ते अधिक पक्के केले. त्याच आवृत्तीपासून ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक याची पायरी (१ सगळ्यात सौम्य, ४ सगळ्यात आक्रमक), रोमन आकड्यांऐवजी १, २, ३, ४ असे साधे लिहायचे ठरले. रोमन दोन आणि तीन यांच्यात फक्त एका दांडीचा फरक, आणि टायपिंगच्या चुकीनं उपचार बदलण्याची भीती. जुन्या रिपोर्टमध्ये रोमन आकडे असतील तर घाबरू नका, अर्थ तोच आहे.

आयडीएच म्हणजे नक्की काय? सगळे हाच शब्द का उच्चारतात?

आपल्याकडच्या माणसाला साखर कारखाना समजावून सांगावा लागत नाही, म्हणून तोच दाखला घेते. पेशी साखर जाळून ऊर्जा काढते, आणि हे काम टप्प्याटप्प्यानं होतं. कारखान्यात जसा रस एका यंत्रातून दुसऱ्यात जातो, तसं एक रसायन एका एन्झाइमकडून पुढच्याकडे जातं. आयडीएच हे त्या साखळीतलं एक यंत्र. आयसोसायट्रेट आत घ्यायचं आणि अल्फा-किटोग्लुटरेट बाहेर काढायचं, एवढं त्याचं काम.

काही गाठींत या यंत्राचा एकच दात बदललेला असतो. आयडीएच१ या प्रथिनात १३२ व्या जागी आर्जिनिन हवं, तिथे बहुतेक वेळा हिस्टिडिन येऊन बसतं. रिपोर्टमध्ये 'आर१३२एच' लिहितात ते हेच. एवढ्याशा बदलानं यंत्र उलट्या कामाला लागतं आणि २-हायड्रॉक्सिग्लुटरेट नावाचं भलतंच रसायन तयार करतं. ते पेशीत साचत जातं आणि डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसणाऱ्या एन्झाइमांचं काम अडवतं. खुणा साठत जातात आणि जनुकांची दारं कुलूपबंद होतात. पेशीनं वयात येऊन कामाला लागायचं असतं, ते राहून जातं आणि ती नुसती दुणावत राहते.

हा बदल ग्लायोमात २००८ साली सापडला. नवल असं, की गाठ सुरू करणारा हाच बदल पेशंटच्या बाजूनंही बोलतो. आयडीएच बदललेल्या गाठी, त्याच ग्रेडच्या न बदललेल्या गाठींपेक्षा सावकाश वाढतात आणि उपचारांना जास्त दाद देतात. त्या बहुधा तरुण वयात दिसतात, आणि पहिली खूण बऱ्याचदा अचानक आलेली फिट असते. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत बागेत फिट येऊन पडलेला तिशीतला बागायतदार, आधी 'उन्हाचा त्रास' म्हणून सलाइन लावून घरी पाठवलेला, असे पेशंट मी एकापेक्षा जास्त पाहिले आहेत. प्रौढ माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर एमआरआय झालाच पाहिजे.

आमच्या रिपोर्टमध्ये 'आयडीएच निगेटिव्ह' आहे. म्हणजे वाईटच समजायचं?

थांबा. निगेटिव्ह म्हणजे आयडीएचमधला बदल सापडला नाही. पण आधी बघा, कोणत्या पद्धतीनं निगेटिव्ह. आमच्याकडे आधी होते ती रंगाची तपासणी, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. तीत वापरलं जाणारं अँटिबॉडी फक्त आर१३२एच हा एकच बदल ओळखतं. ग्लायोमातले आयडीएच१ चे सुमारे नव्वद टक्के बदल हेच असतात, म्हणून ही तपासणी स्वस्तात मोठं काम करते. पण उरलेले बदल आणि आयडीएच२ चे बदल तिला दिसत नाहीत.

पेशंट ५५ वर्षांच्या आतला असेल, किंवा आधी कमी ग्रेडची गाठ होऊन गेली असेल, तर रंगाची तपासणी निगेटिव्ह आल्यावर सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षर न अक्षर वाचणारी तपासणी, करून खात्री करायची असते. उलट साठी ओलांडलेल्या पेशंटमध्ये मायक्रोस्कोपखाली स्पष्ट ग्लायोब्लास्टोमा दिसत असेल, तर बहुधा त्यासाठी आणखी पैसे घालवायची गरज नसते. 'आमचं सिक्वेन्सिंग करायला हवं का?' एवढं एक वाक्य डॉक्टरांना विचारा.

आणि १पी/१९क्यू?

पहिल्या गुणसूत्राचा आखूड हात आणि एकोणिसाव्याचा लांब हात, दोन्ही पूर्ण गळून गेले असतील तर त्याला कोडिलीशन म्हणतात. आयडीएच बदललेलं आणि हे दोन्ही हात गेलेले, तर ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. प्रौढांच्या पसरणाऱ्या ग्लायोमांत सगळ्यात धीमी आणि औषधांना सगळ्यात चांगली दाद देणारी. ग्रेड ३ च्या अशा गाठींवर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, रेडिएशनच्या जोडीला पीसीव्ही हे तीन औषधांचं मिश्रण दिलेल्या पेशंटचं मध्यम आयुर्मान १४.७ वर्षं निघालं. नुसत्या रेडिएशनच्या गटात ते ७.३ वर्षं होतं.

खर्च वाचवणारी एक गोष्ट सांगते. आयडीएच पॉझिटिव्ह आहे आणि एटीआरएक्स नावाच्या रंगाच्या तपासणीत ते प्रथिन गाठीतून नाहीसं झालेलं आहे, तर ती ॲस्ट्रोसायटोमा. मग १पी/१९क्यू साठी वेगळी तपासणी करायची गरज नाही. अशा पेशंटकडूनही या तपासणीचे पैसे भरून घेतलेले मी पाहिले आहेत, आणि वाईट वाटतं.

इथे ग्रेड २ सांगितलं, बाहेरच्या लॅबनं ग्रेड ४ केलं. कोण चुकलं?

बहुतेक वेळा कुणीच नाही. पूर्वी ग्रेड फक्त दिसण्यावरून ठरायचा: पेशी किती विभागल्या जातायत, नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात का, मधला भाग मेलाय का. आता जनुकीय बदलावरूनही ग्रेड वर जातो. गाठ शांत दिसते, आयडीएच बदललेलं नाही, आणि टर्ट जनुकाच्या प्रमोटरचा (म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या बटणाचा) बदल, ईजीएफआर जनुकाच्या भाराभर प्रती, किंवा सातव्या गुणसूत्राची वाढ आणि दहाव्याचं जाणं, यातलं एक जरी सापडलं, तर त्या पसरणाऱ्या ॲस्ट्रोसायटिक गाठीला ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४ असंच म्हणायचं. आयडीएच बदललेल्या ॲस्ट्रोसायटोमात सीडीकेएन२ए/बी हे जनुक दोन्ही प्रतींतून गेलं असेल, तर तीही ग्रेड ४.

शिवाय सर्जनला मेंदूचा जपून काढता येईल तेवढाच तुकडा मिळतो. तो गाठीच्या शांत कडेचा असू शकतो. जनुकं त्या कडेच्या तुकड्यातूनही खरं सांगतात.

एमजीएमटी मिथायलेटेड आहे म्हणाले. हे चांगलं की वाईट?

चांगलं. या रिपोर्टमधला हा एक शब्द असा, की तो सांगताना माझा आवाज आपोआप मोकळा होतो.

टेमोझोलोमाइड ही केमोची कॅप्सूल कर्कपेशीच्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइलचे डाग पाडते. डाग राहिले तर पेशी मरते. एमजीएमटी हे पेशीतलं रफू करणारं प्रथिन. ते डाग उचलून डीएनए पुन्हा नीट करतं. एकदा रफू केलं की ती सुई मोडते, म्हणजे एका रेणूचा उपयोग एकदाच, पण पेशी नव्या सुया बनवत राहते. एमजीएमटीचा प्रमोटर मिथायलेटेड असेल तर सुया बनवण्याचा कारखानाच बंद असतो. मग औषधाचे डाग तसेच राहतात.

२००५ साली आलेल्या अभ्यासात ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटना रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड दिलं, तेव्हा मिथायलेटेड गटातले ४६ टक्के पेशंट दोन वर्षांनंतर हयात होते, अनमिथायलेटेड गटातले १३.८ टक्के. तोच उपचार, फरक फक्त या एका खुणेचा.

अनमिथायलेटेड आलं तर कॅप्सूल बंद करायची का? तरुण पेशंटमध्ये बहुधा नाही. खूप वय झालेल्या, अशक्त पेशंटमध्ये मात्र या रिपोर्टवरून रेडिएशन द्यायचं, कॅप्सूल द्यायची की दोन्ही, हे ठरवायला मदत होते. म्हणून सत्तरीतल्या आजोबांसाठी ही तपासणी उलट जास्त कामाची आहे.

'ब्लॉक घेऊन या' म्हणतात. ब्लॉक म्हणजे काय, आणि तो कसा सांभाळायचा?

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं उत्तर लक्षात ठेवा.

ऑपरेशनमधून आलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग त्यातलं पाणी काढून त्याला पॅराफिन मेणात बसवतात. काडेपेटीहून जरा लहान अशी प्लॅस्टिकची जाळीदार कॅसेट, तिच्यावर गोठलेलं पांढरं मेण, आणि मेणात चिमूटभर करडा-तपकिरी तुकडा. कॅसेटच्या तिरक्या कडेवर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर असतो. शाई रसायनांत विरघळते, पेन्सिल टिकते. हाच ब्लॉक. त्यातून आम्ही केसाच्या सतराव्या हिश्शाइतका पातळ काप काढतो आणि त्याची स्लाइड बनवतो. स्लाइड फुटली तर दुसरी काढता येते. ब्लॉक हरवला तर गाठीचा पुरावाच गेला.

तो फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, बर्फाच्या डब्याची तर अजिबात नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री मिरजेहून निघालेली माणसं ब्लॉक थर्मासमध्ये घालून नेताना मी पाहिली आहेत. खरी भीती उन्हाची आहे. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि एप्रिल-मे मध्ये सांगलीच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते मऊ पडायला वेळ लागत नाही. कापसात गुंडाळा, लहान डब्यात घाला, डब्यावर नाव आणि नंबर लिहा, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. लॅबमधून नेताना पोच घ्या, दुसऱ्या लॅबला देतानाही पोच घ्या, आणि काम झाल्यावर ब्लॉक परत मागा. तो तुमचा आहे.

पाण्याला मात्र मेण दाद देत नाही. २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या एका घरात पाणी शिरलं. फाइलचा लगदा झाला, एमआरआयच्या फिल्म एकमेकींना चिकटल्या. पाणी ओसरल्यावर त्या घरातल्या सूनबाई डबा घेऊन आल्या. ब्लॉकवर गाळाचा थर होता, पेन्सिलीचा नंबर तेवढा वाचता येत होता. आम्ही वरचे काही काप टाकून दिले. खालचा तुकडा जसाच्या तसा होता. त्यावर आयडीएच लागला, पॉझिटिव्ह.

उलटा अनुभवही आहे. एका शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या एका ऑपरेशन थिएटरमधून तुकडा आला, तो फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये. सोमवारी सकाळी बाटली उघडली तेव्हा पेशी कुजलेल्या होत्या. मी जेमतेम 'ग्लायोमा, उच्च ग्रेड' एवढं लिहू शकले, पुढची एकही तपासणी लागली नाही. पेशंट ४१ वर्षांची होती. तिच्या मेंदूचा तुकडा दुसऱ्यांदा मागणं शक्य नव्हतं. तेव्हापासून मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांना सांगते: 'तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जाणार ना?' असं बिनधास्त विचारा. दहा टक्के फॉर्मॅलिन, आणि तुकड्याच्या दसपट. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

टार्गेटेड औषध म्हणजे काय? आमच्या पेशंटला मिळेल का?

नेहमीची केमो वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. टार्गेटेड औषध गाठीतल्या एका ठरावीक बिघडलेल्या प्रथिनावर जाऊन बसतं. म्हणून तो बिघाड गाठीत आहे हे आधी सिद्ध व्हावं लागतं. नसेल तर ते औषध म्हणजे नुसता खर्च आणि त्रास.

मेंदूच्या गाठींत सगळ्यात मोठी बातमी व्होरासिडेनिबची. हे औषध बदललेल्या आयडीएच१ आणि आयडीएच२ या दोन्ही एन्झाइमांना अडवतं आणि मेंदूत पोचतं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ग्रेड २ चे ३३१ पेशंट होते, ज्यांचं फक्त ऑपरेशन झालं होतं, रेडिएशन किंवा केमो नाही. गोळी घेणाऱ्यांत गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ २७.७ महिने, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ११.१ महिने. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या तरुण पेशंटचं रेडिएशन पुढे ढकलता आलं, त्याची स्मरणशक्ती आणि कामधंदा तेवढा काळ वाचतो. लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी सतत लागते. आणि नीट ऐका: हे ग्रेड २ साठी आहे. ग्लायोब्लास्टोमात हा बिघाडच नसतो, तिथे त्याचा उपयोग नाही. 'कितीही पैसे लागू देत, शेत विकतो' म्हणणाऱ्या एका काकांना मला हे तीनदा सांगावं लागलं.

दुसरं लक्ष्य बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल. तो प्लिओमॉर्फिक झँथोॲस्ट्रोसायटोमा व गँग्लिओग्लायोमा या दुर्मीळ गाठींत आणि ग्लायोब्लास्टोमाच्या एपिथेलिऑइड प्रकारात सापडतो. त्यावर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी देतात. एका चाचणीत उच्च ग्रेडच्या ३३ टक्के आणि कमी ग्रेडच्या ६९ टक्के पेशंटमध्ये गाठ आक्रसली. क्रॅनिओफॅरिंजिओमा या पिट्युटरी ग्रंथीजवळच्या गाठीच्या पॅपिलरी प्रकारातही हाच बदल असतो, आणि तिथे याच जातीच्या औषधांनी गाठी फार मोठ्या प्रमाणात लहान झाल्या आहेत. बदल दुर्मीळ असला तरी सापडला तर दार उघडतं, म्हणून तरुण वयात आयडीएच निगेटिव्ह आल्यावर बीआरएएफ बघावाच, असं माझं ठाम मत आहे.

एनटीआरके फ्यूजन, म्हणजे हे जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला चिकटणं, मोठ्यांत फार क्वचित. सापडलं तर लॅरोट्रेक्टिनिब आणि एन्ट्रेक्टिनिब आहेत. थॅलॅमस, ब्रेनस्टेम, मज्जारज्जू अशा मध्यरेषेतल्या गाठींत एच३ के२७एम हा बदल बघतात. त्यासाठीच्या डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये, उपचारांनंतरही वाढलेल्या गाठींसाठी, सशर्त मान्यता मिळाली.

फुफ्फुसाच्या कॅन्सरला ईजीएफआरची गोळी लागू पडते. ग्लायोब्लास्टोमातही ईजीएफआर वाढलेलं आहे, मग तीच का देत नाहीत?

हा प्रश्न एका फार्मसीच्या विद्यार्थ्यानं विचारला होता, त्याच्या वडिलांसाठी. जवळपास ४० टक्के ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआर जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात. पण फुफ्फुसात बिघाड प्रथिनाच्या पेशीच्या आत असलेल्या भागात होतो, ग्लायोब्लास्टोमात बहुधा बाहेरच्या भागात. कुलूप वेगळं, म्हणून ती किल्ली नीट बसत नाही. दुसरं, मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात आणि बरीच औषधं आत सोडत नाहीत. तिसरं सगळ्यात त्रासाचं: एकाच गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. एका बिघाडावर घाव घातला की तो नसलेल्या पेशी मागे उरतात आणि त्या वाढतात. ईजीएफआरच्या एका रूपाविरुद्धची लसही मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवू शकली नाही.

म्हणून ग्लायोब्लास्टोमाचा पाया आजही २००५ चाच आहे: सुरक्षितपणे निघेल तेवढी गाठ काढायची, सहा आठवडे रेडिएशन, लोक ज्याला 'लाइट' म्हणतात ते, साधारणतः ३० वेळा मिळून ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), सोबत रोज टेमोझोलोमाइड, आणि नंतर दर २८ दिवसांत पाच दिवस अशा सहा फेऱ्या. जनुकांचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात. रेडिएशनची तयारी त्याच्यासाठी अडवून धरू नका, दोन्ही एकदम चालू द्या.

बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का?

हे गाठीच्या नव्या रक्तवाहिन्यांवर काम करतं. सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतं, न उठणारा माणूस काही आठवडे उठून बसतो. सुरुवातीपासून दिलं तरी एकूण आयुष्य वाढत नाही, हे २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. आरामासाठी घेत असाल तर ते योग्य कारण आहे. गाठ बरी होईल म्हणून कर्ज काढत असाल, तर आधी ऑन्कोलॉजिस्टशी पुन्हा बोला.

मेनिंजिओमालाही हे सगळं करायचं का?

बहुतेकांना नाही. ही मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा ग्रेड १, आणि पूर्ण निघाली तर काम झालं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या किंवा संशयास्पद दिसणाऱ्या गाठीत टर्ट प्रमोटर आणि सीडीकेएन२ए/बी बघतात; त्यात बिघाड असेल तर ग्रेड ३ धरतात.

डॉक्टर म्हणाले, गाठ मेंदूची नाही, दुसरीकडून आली आहे.

मोठ्या माणसांत मेंदूतच जन्मलेल्या कर्करोगापेक्षा फुफ्फुस, स्तन, त्वचा इथून आलेल्या गाठी जास्त. आणि टार्गेटेड गोळ्यांचा सर्वात जास्त फायदा इथेच दिसतो. फुफ्फुसात ईजीएफआर बदल असेल तर ओसिमर्टिनिब, एएलके असेल तर अलेक्टिनिब किंवा लॉरलॅटिनिब, ही औषधं मेंदूपर्यंत चांगली पोचतात. हर२ पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरसाठी टुकॅटिनिब आहे. तपासणी मेंदूच्या तुकड्यावर किंवा मूळ गाठीच्या जुन्या ब्लॉकवर करता येते. जुना ब्लॉक कुठे आहे ते आजच शोधा.

फिटच्या गोळ्या आणि स्टेरॉइड किती दिवस?

डॉक्टर सांगतील तितके, आणि स्वतःहून एकही दिवस कमी नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अचानक थांबवलं तर पेशंट कोसळू शकतो. चालू असताना साखर वाढते, म्हणून घरी ग्लुकोमीटर ठेवा. फेनिटॉइनसारख्या जुन्या फिटच्या गोळ्या लिव्हरला इतकं कामाला लावतात, की काही टार्गेटेड औषधं रक्तात पुरेशी राहतच नाहीत. नवीन औषध सुरू होताना फिटच्या गोळीचं पाकीट डॉक्टरांसमोर ठेवा.

एमआरआयवर लिम्फोमाचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा, संशय असेल, तर बायोप्सीच्या आधी शक्य तोवर स्टेरॉइड टाळतात. त्यानं गाठ विरघळल्यासारखी होते आणि तुकड्यात आम्हाला काही सापडतच नाही.

हळदीनं उपयोग होतो म्हणतात, आणि आपण तर सांगलीचे.

आमटी-भाजीतली हळद खुशाल खा. कर्क्युमिनच्या मोठ्या डोसच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. ते रक्तात फार थोडं शोषलं जातं, मेंदूच्या गाठीपर्यंत पुरेसं पोचून ती बरी झाल्याचा पुरावा नाही, आणि इतर औषधांत ढवळाढवळ होऊ शकते.

बागेतल्या फवारणीनं झालं का? की मोबाइलनं? मुलांना होईल का?

हा प्रश्न विचारताना माणूस माझ्याकडे बघत नाही, खाली बघतो. स्वतःला दोष देत असतो. बहुसंख्य पेशंटमध्ये असं एक बोट दाखवता येईल असं कारण सापडत नाही. डोक्याला पूर्वी दिलेलं रेडिएशन हे पक्कं ठाऊक असलेलं कारण आहे. फवारणी करताना मास्क आणि हातमोजे वापरायलाच हवेत, पण तुमच्या भावाची ही गाठ फवारणीनंच झाली असं म्हणता येत नाही. मोबाइलबाबतही तसं सिद्ध झालेलं नाही. आयडीएच, एमजीएमटी हे बदल गाठीत जन्मतात, आईवडिलांकडून येत नाहीत. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, ली-फ्रॉमेनी असे थोडे आनुवंशिक आजार आहेत; घरात लहान वयात बऱ्याच जणांना कॅन्सर झाला असेल तर तेवढं आवर्जून सांगा.

मुंबई-पुण्याला जावंच लागेल का? खर्चाचं कसं?

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी इथे १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून लांबलांबून माणसं इथे येतात. ऑपरेशन, रेडिएशन, केमो आणि रंगाच्या तपासण्या या भागात होतात. सिक्वेन्सिंगसारख्या तपासण्यांसाठी ब्लॉक मोठ्या शहरातल्या लॅबला जातो. ब्लॉक जातो, फिट येणाऱ्या पेशंटला त्यासाठी गाडीत घालायची गरज नसते. टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायचं ठरलं, तरी स्लाइड आणि ब्लॉक सोबत हवेतच.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, आणि दाखल होण्याआधी भेटा. जनुकीय तपासणी पॅकेजमध्ये बसते का, हे तिथेच स्पष्ट करून घ्या. टेमोझोलोमाइड भारतीय कंपन्याही बनवतात आणि दुकानादुकानांत किमतीत फरक असतो; दोन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका. कॅप्सूल रिकाम्या पोटी, अखंड गिळायची, उघडून दुधात घालायची नाही.

पेशंटला हे सगळं सांगायचं का?

घरचे म्हणतात, 'मॅडम, त्यांच्यासमोर काही बोलू नका.' मी त्यांचं ऐकते, पण पेशंटनं सरळ विचारलं तर खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका स्वतःच लॅबमध्ये आल्या, डोक्याला पांढरा रुमाल, मागे धावत आलेला मुलगा. ग्लायोब्लास्टोमा होता. मुलगा खुणा करत होता. बाईंनी रिपोर्ट काउंटरवर पसरला आणि म्हणाल्या, 'इतकी वर्षं पोरांचे पेपर तपासले, मला ओळ न ओळ वाचायची सवय आहे. यातलं माझ्या बाजूनं काय आहे तेवढं दाखवा.' मी खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. एमजीएमटी प्रमोटर: मिथायलेटेड. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, त्या शब्दाखाली रेघ ओढली, आणि समासात बरोबरची खूण केली.